मागे घेतलेला तेजोमेघ

आमच्या ग्रामीण रुग्णालयात औषधांचा एक फ्रीज आहे. त्यात इन्सुलिनच्या खोक्यांमागे मला एकदा एक कॅमेरा सापडला. सापडला म्हणजे आधी त्याचा आवाज आला. खट्, मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा खट्. वीसेक वर्षं मी औषधाच्या खिडकीत बसते आहे. त्या फ्रीजमध्ये मी लोकांचे टिफिन पाहिलेत, बारशाचे पेढे पाहिलेत, एकदा तर सिस्टरचा मोगऱ्याचा गजरा पाहिला आहे. आतून खटखट करणारी वस्तू मात्र कधी पाहिली नव्हती. माझ्या हातातलं रजिस्टर खाली पडलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो काळा कॅमेरा, तोंडाला घट्ट झाकण लावलेला, माझ्याकडे बघत बसल्यासारखा बसला होता.

"हे कुणाचंय?" मी अशी ओरडले की बाहेरची रांगसुद्धा गप्प झाली.

एक्सरेच्या खोलीतून साळवे आले. उंच, किडकिडीत, उन्हाळा सोडून बाकी आठ महिने अंगात तोच तपकिरी स्वेटर. आमच्याकडे एक्सरे काढायला येऊन त्यांना तेव्हा दोन वर्षं झाली असतील. त्या दोन वर्षांत आमचं बोलणं जयभीम आणि नमस्काराच्या पुढं गेलं नव्हतं.

"मॅडम, झाकण उघडू नका बरं. अजून अकरा फोटो ऱ्हायलेत."

"झाकण लावून कशाचे फोटो काढायलात?"

"कशाचेच न्हाई," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "झाकण लावलं तरी फोटोत ठिपके येतात. ते कॅमेऱ्याच्या पोटातलं खोटं. रातच्याला थंडीत जेवढं खोटं निघतं, तेवढंच इथं तुमच्या फ्रीजात निघतं. मग खऱ्या फोटोतून ते वजा करायचं."

मला त्यातलं काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये परक्या वस्तू ठेवायच्या नाहीत, हे मी त्यांना ज्या भाषेत सांगितलं ती इथं लिहिण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक अर्ज होता. "मी परवानगी न घेता फ्रीज वापरला. ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही." खाली सही, तारीख. कुणी मागितला नव्हता. सरकारी नोकरीत चूक लेखी द्यायची नसते, हे शिपायालाही कळतं. मी तो अर्ज फाडून टाकायला गेले आणि का कोण जाणे, खणात ठेवून दिला.

त्यानंतर मी त्या माणसाकडे लक्ष द्यायला लागले.

एक्सरे काढताना ते पेशंटला सांगत, "श्वास घ्या... धरा... सोडा." दिवसातून तीस-चाळीस वेळा. त्यामुळे साधं बोलतानाही ते मध्येच थांबायचे, आणि समोरचा माणूस नकळत श्वास धरून बसायचा. त्यांच्या टेबलाच्या खणात केसांच्या चापांचा एक डबा असे. बाई छातीच्या एक्सरेला आली की आधी वेणी वर बांधायची, चाप लावायचा, मगच मशीनसमोर उभं राहायचं. पुरुषांनी ताईत, लॉकेट, करदोटा, सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायचं. एका पुढाऱ्यानं सोन्याची साखळी काढायला नकार दिला, तर साळव्यांनी त्याला अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं आणि मागची माणसं आत घेतली. पुढारी तक्रार घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला. साळवे म्हणाले, "साहेब, साखळी छातीत दिसली तर तुमी काय औषध देणार?"

या चापांच्या डब्यामागं एक मुलगी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्याच कुठल्या तरी गावी, त्यांनी एका मुलीचा एक्सरे काढला. फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यात सावली दिसली. डॉक्टरांनी संशयावरून क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या, गावभर बोभाटा झाला, ठरलेलं लग्न मोडलं. काही महिन्यांनी दुसरा एक्सरे काढला तेव्हा मुलीनं केस वर बांधले होते. सावली नव्हती. पहिल्या वेळी ती न्हाऊन, तेल लावून, ओली जाड वेणी खांद्यावरून पुढं घेऊन आली होती. सावली वेणीची होती.

"सावली दिसली की आधी इचारायचं, कुणाची," साळवे म्हणायचे. "मी इचारलंच न्हाई."

हे सांगताना त्यांचा आवाज कोरडा असायचा. मी मात्र प्रत्येक वेळी ऐकताना हादरायचे. त्या मुलीचं पुढं काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर ते उठून गेले.

झाकणाचे फोटो कशासाठी, हे मला कळायला आणखी एक हिवाळा गेला. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मोबाइल पुढं केला. काळ्या पाटीवर लालसर धुराचे दोरे एकमेकांत गुंतलेले, मधून मधून पांढरे कण.

"कुणाचं फुप्फुस आहे?" मी विचारलं.

"तेजोमेघ हाय, मॅडम. लय जुना तारा फुटला, त्याचा धूर. अग्नी ताऱ्याच्या बाजूला."

"कुठून घेतला? नेटवरून?"

"पोखर्णीवरून."

पोखर्णी! मी नरसिंहाला दरवर्षी जाते. देवळामागच्या शिवारात ज्वारी, हरभरा आणि शेळ्यांखेरीज काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तिथं त्यांच्या मेव्हण्याच्या शेतात विहिरीवरची मोटारीची खोली होती. तिचे पत्रे त्यांनी लोखंडी पट्ट्यांवर बसवले होते, ढकलले की सरकायचे. आत एक हातभर लांबीची दुर्बीण, तिला कॅमेरा, आणि ताऱ्यांच्या मागं मागं हळू फिरणारं एक यंत्र. पाच मिनिटांचा एक फोटो. असे शंभर, दोनशे फोटो कॉम्प्युटर एकावर एक रचतो, तेव्हा कुठं तो धूर दिसायला लागतो. नुसत्या डोळ्याला तिथं काहीच नसतं. दुर्बिणीतून बघितलं तरी नसतं.

"मग तुम्ही रात्रभर बसून बघता काय?"

"बघायचं काय? तिथं काई दिसतच न्हाई. फकस्त यंत्र बराबर चाललंय का तेवढं ध्यान ठेवायचं."

मी थक्क झाले. जे दिसत नाही त्याच्यासाठी माणूस थंडीत रात्र काढतो, सकाळी आठच्या गाडीनं ड्यूटीवर येतो आणि दिवसभर लोकांना श्वास धरायला सांगतो. हे वेड होतं. पण त्या वेडाचा आजूबाजूला परिणाम होत होता हेही खरं. शेजारच्या शेतातले दत्तराव आधी गोठ्यावरच्या बल्बावरून त्यांच्याशी भांडले होते. साळव्यांनी त्यांना तो धुराचा फोटो दाखवला. दत्तरावांनी बराच वेळ बघितला आणि दुसऱ्या दिवशी बल्बला तेलाच्या रिकाम्या डब्याची टोपी करून घातली. आता उजेड फक्त म्हशींवर पडतो, असं ते अभिमानानं सांगायचे.

फ्रीजच्या प्रकरणानंतर साळव्यांनी कॅमेरा दुर्बिणीवरून काढणंच बंद केलं होतं. "एकदा बसवला की हलवायचा न्हाई," ते म्हणायचे. पट्टी लावून त्यांनी तो जखडून टाकला. तीन हिवाळे त्यांनी आकाशाची एकच चौकट धरली, बोटभरही इकडे तिकडे नाही. मला त्या शिस्तीचं कौतुक वाटायचं. पुढं जे झालं ते त्याच शिस्तीतून झालं, आणि त्यात माझ्या ओरडण्याचाही वाटा होता, हे मी आज कबूल करते.

त्यातल्या पहिल्या हिवाळ्यानंतर, उन्हाळ्यात, त्यांची बायको गेली. कमलबाई. मी त्यांना दोन-तीनदाच भेटले होते. बुटक्या, बोलक्या, नवऱ्याच्या अगदी उलट. दुपारी भाकरी थापता थापता डोकं दुखतंय म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. साळवे तेराव्या दिवसानंतर वगैरे नाही, पाचव्या दिवशी कामावर आले. मी म्हटलं, राहायचं होतं आणखी थोडे दिवस. ते म्हणाले, "घरी काय करू? घर तिचं होतं." हिवाळा आला तसे पुन्हा पोखर्णीला जायला लागले.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी ते थेट माझ्या खिडकीत आले, रांग डावलून. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मोबाइलवर तोच लाल धूर होता, पण एका कोपऱ्यात, धुरापासून वेगळा, एक फिकट गोल ढग होता. चंद्राच्या खळ्यासारखा, अगदी पुसट.

"हा कुठल्याच यादीत न्हाई, मॅडम. समद्या याद्या बघितल्या. पहिल्या वर्षीच्या फोटोत न्हाई, तवा प्रकाश कमी पडला आसंल. पुढच्या दोन्ही वर्षांच्या फोटोंत हाय. एकाच जागी."

असे ढग हौशी लोकांना अधूनमधून सापडतात आणि परदेशातले काही जाणकार त्यांची यादी ठेवतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांनी अर्ज पाठवला होता. मी तो पाहिला. शोध लावणाऱ्याचं नाव, या रकान्यात लिहिलं होतं: कमल साळवे.

"अहो, पण शोध तुम्ही लावलात."

"मी वर बघत बसलो. खालचं समदं तिनं बघितलं. पोरांची शाळा, तिची आई, माझी आई, समदं. यादीत तिचं नाव ऱ्हाईल. लोकं बघतील."

पुढची चूक माझी. मी हे माझ्या भाच्याला सांगितलं, तो एका स्थानिक पेपरात बातम्या देतो. चार दिवसांत फोटोसकट बातमी आली. तालुक्याच्या एका मंडळानं सत्कार ठरवला. मोठे साहेब, ज्यांनी साळव्यांना कधी खुर्ची दिली नव्हती, त्यांनी चहा पाजला. यादीवाल्यांचं उत्तर आलं की नोंद तात्पुरती केली आहे. कमल साळवे हे नाव खरोखर तिथं दिसायला लागलं, इंग्रजीत, आकड्यांच्या रांगेत. साळवे दर दोन तासांनी ते उघडून बघत. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं, आणि आनंदी माणसाला आनंद लपवता येत नाही हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी मी एक्सरेच्या खोलीत गेले, हाराची ऑर्डर विचारायला. खोलीत अंधार होता. ते लॅपटॉपसमोर बसले होते.

"मॅडम, दार लावा."

परदेशातल्या कुणा अनोळखी हौशी माणसाची मेल आली होती. सभ्य होती. मी त्या जागी नऊ तास कॅमेरा लावला, मला काहीच मिळालं नाही, आपण आपले फ्लॅट एकदा तपासाल का, एवढंच.

"फ्लॅट म्हणजे?"

"दिवस मावळताना दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड धरायचं आन् फोटो काढायचे. नुसत्या पांढऱ्याचे. कॅमेऱ्यात कुठं धूळ बसली असंल तर त्या पांढऱ्यावर काळा डाग दिसतो. मग कॉम्प्युटर प्रत्येक फोटोत तेवढी जागा उजळ करतो. बराबरी करतो."

त्यांनी एक फोटो उघडला. राखाडी, रिकामा. एका कोपऱ्यात पुसट गोल काळा डाग. मग त्यांनी ढगाचा फोटो शेजारी ठेवला. तीच जागा. तोच आकार.

"हे फ्लॅट पहिल्या हिवाळ्यातले हाईत," ते म्हणाले. "कमल कापड धरायची. दोन्ही हातानं, वर. ती गेल्यावर मला नवीन काढू वाटले न्हाईत. म्हटलं कॅमेरा हलवलाच न्हाई, तर जुनेच चालतील. तेच लावत ऱ्हायलो." ते थांबले. मी श्वास धरून उभी होते. "धूळ कवाच झडून गेली, मॅडम. डाग ऱ्हायला न्हाई, आन् कॉम्प्युटर तिथं उजेड घालतच ऱ्हायला. दोन वर्षं. ढग न्हाईच तिथं. त्या दिवशीची धूळ हाय."

मी स्टुलावर बसले. पहिल्या वर्षी तो ढग का दिसला नाही आणि ती गेल्यावर का दिसायला लागला, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. कारण आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

"लोकांचे ताईत काढायला लावतो मी," ते म्हणाले. "तीस वर्षं."

आता मी जे बोलले त्याची मला लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हटलं, "साळवे, गप्प बसा. उत्तर देऊ नका. पुन्हा तपासायला कोण येणार आहे? नाव राहू द्या तिचं."

"कुणीतरी येईल की. कुठं तरी कुणी माझ्यासारखा थंडीत बसंल, दोन-दोन हिवाळे. त्याला वाटंल आपल्यातच काई कमी हाय. त्याला काय दिसणार?"

"पण नाव जाईल."

"जाईल," ते म्हणाले. तरी त्यांनी माझ्यासमोरच ती मेल लिहिली. तीनच ओळी होत्या. नोंद मागे घेत आहे. चूक फ्लॅटची आहे. चूक माझी आहे, कमल साळवे यांची नाही. ही शेवटची ओळ यादीवाल्यांना काही कळली नसेल. त्यांनी बटण दाबलं आणि मी रडायला लागले. ते रडले नाहीत.

सत्कार रद्द होणार असं मला वाटलं होतं. तो झाला. मंडप उभा राहिला होता, पाहुणे देवगाव फाट्यापर्यंत पोचल्याचा फोन आला होता. आता कुठं थांबवता, असं मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. साळवे माइकसमोर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "मला सापडलेला ढग खोटा हाय. ती कॅमेऱ्यातली धूळ होती. पेपरात आलेलं चूक हाय. मला माफ करा." मग पहिल्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. किती नम्र माणूस, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला, आणि आपल्या भाषणात त्यांच्या शोधामुळे जिल्ह्याचं नाव जगात गेल्याचं सांगितलं. साळवे शाल अंगावर घेऊन अवघडून बसले होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. खऱ्याला एवढ्या टाळ्या पडताना मी पहिल्यांदाच पाहिल्या, आणि एकालाही ते खरं ऐकू गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेपराच्या कचेरीत गेले, दुरुस्ती लेखी घेऊन. ती छापून आली नाही. भाचा म्हणाला, "मावशी, सापडलं न्हाई ही काय बातमी हाय का?" मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. यादीतून नाव मात्र आठवड्यात गेलं. साळव्यांनी मला ती जागा दाखवली. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना चिकटल्या होत्या.

पावसाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी चापांचा डबा नव्या मुलाच्या हातात दिला आणि पूर्णेला, थोरल्या मुलाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले. मला वाटलं, आता ते आकाशाकडे बघणार नाहीत.

दिवाळीनंतर मी आणि माझे यजमान पोखर्णीला दर्शनाला गेलो. परतताना दिवस मावळत होता. विहिरीवरच्या खोलीचे पत्रे सरकवलेले रस्त्यावरूनच दिसले. मी गाडी थांबवायला लावली आणि ढेकळं तुडवत गेले.

साळवे आत होते, त्याच स्वेटरमध्ये. दुर्बिणीचं तोंड वर केलेलं. तोंडावर पांढरं कापड ताणलेलं आणि सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर त्याच्याभोवती घट्ट बसवलेलं. कॅमेरा आपोआप फोटो काढत होता.

"नवीन फ्लॅट काढायलोय, मॅडम," ते म्हणाले. "तो मोठा धूर तर खरा हाय. तीन वर्षांचं काम हाय, ते तरी नीट करावं."

मी रबराकडे बघत राहिले. कापडाला एक सुरकुती नव्हती. हातानं धरून इतकं ताठ कधीच राहिलं नसतं.

"हे रबरानं होतं?"

"पहिल्यापासून होतं."

"मग कमलबाई कशाला धरायच्या?"

कॅमेरा वाजत होता.

"धरायची काई गरज नव्हती," ते म्हणाले. "मी तिला सांगितलंच न्हाई रबराचं. दिवसभर ती घरात, मी दवाखान्यात, रातच्याला मी हितं. तेवढीच पंधरा मिनिटं ती माझ्यासंग उभी ऱ्हायची. हात दुखले की शिव्या द्यायची."

मला तिथं थांबवेना. बांधावर येऊन मी मागं बघितलं. उजेड कमी होत चालला होता. साळवे दुर्बिणीशेजारी उभे होते, त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि दोन्ही हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं.